आवाजांच्या खोलीतली डिस्क

"...पण जलद म्हणजे किती जलद?" कवडूबाबांनी विचारलं.

हेमराज हसला. असे प्रश्न त्याला आवडत.

"डोळ्याचं पातं लवायच्या आत, बाबा. बटण दाबलं की मशीन उभं."

"आणि दुसरी डिस्क?"

"दुसरी मोठी आहे. सगळं मावेल तिच्यात. पण ती आतल्या आत फिरते, शोधते, मग देते. मशीन उठायलाच केवढा वेळ."

"किंमत?"

"दोघींची सारखी."

बाबा तलावाकडे बघत राहिले. धुक्यात पाणी दिसत नव्हतं. फक्त बदकांचा आवाज येत होता, कुठून ते कळत नव्हतं.

"मग दोघींत स्वस्त कोणती?"

"सारखीच म्हणालो ना, बाबा."

"हो... तू म्हणाला."

मठ म्हणजे तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, दोन खोल्या, पुढे पडवी आणि कौलांवर टाकलेलं एक जुनं जाळं. भंडाऱ्याच्या पूर्वेला असे तलाव पुष्कळ आहेत. धानाच्या बांध्यांमधून चालता चालता एकदम पाणी समोर येतं. थंडीत सकाळचं धुकं त्या पाण्यावरून उठतं आणि पडवीत येऊन बसतं. तेव्हा मठ काठावर आहे की तलावात, हे नव्या माणसाला उमगत नाही.

कवडूबाबा ढिवराच्या, मासे धरणाऱ्यांच्या घरातले. तरुणपणी डोंगा, लाकडी होडी, चालवायचे. परमुलखात कामाला निघालेली माणसं पलीकडच्या काठावर उतरताना म्हणत, "कवडू, घरी सांगजो..." आणि निरोप देत. कवडू परत येऊन तो निरोप त्या घरी जसाच्या तसा म्हणून दाखवायचा. ज्याने दिला त्याच्याच ढंगात, तो जिथे अडखळला तिथे अडखळून. बायका डोळ्याला पदर लावत.

पुढे रस्ता झाला, गाडी आली. डोंग्याचं काम संपलं. माणसं मात्र कवडूकडे येतच राहिली. कोणी निरोप ठेवायला, कोणी निरोप ऐकायला. हळूहळू लोक त्यांना बाबा म्हणू लागले. मग सातगावे गुरुजींनी, शाळेतून निवृत्त झाल्यावर, आपला टेबलावरचा कॉम्प्युटर आणून मठात ठेवला. त्याला माईक जोडला. तेव्हापासून आतल्या खोलीचं नाव आवाजांची खोली.

जाणारा तिथे बसून बोलतो. मागे राहिलेला तिथे बसून ऐकतो. बाबा उंबऱ्यावर बसतात. मठात एवढाच विधी.

त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क आता खटखट वाजू लागली होती. कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. आजूबाजूच्या गावांनी वर्गणी केली. जमलेल्या पैशांत एकच नवी डिस्क बसत होती.

आणि नेमका हेमराज डोंगरवार मठात आला.

तो नागपूरचा. कॉम्प्युटरचे सुटे भाग घासूनपुसून तपासायचे आणि कोणता घेण्यासारखा ते सांगायचं, हा त्याचा धंदा. पुष्कळ लोक त्याचं ऐकून खरेदी करत. त्याचं माप एकच होतं. रुपयाला वेग किती?

गुरूही त्याने ह्याच मापाने पाहिले होते. एका आश्रमात शिस्त उत्तम, पण गर्दी. दुसरीकडे मौन चांगलं, पण फळ फार उशिरा. तिसरीकडे महाराज स्वतः भेटत नाहीत. कवडूबाबा काहीच मागत नाहीत असं कानावर आलं, तेव्हा तो बस धरून आला, पाया पडला आणि म्हणाला, "मला शिष्य करून घ्या."

"तुले मशीनचं समजते ना?" बाबा म्हणाले. "मग आधी एवढं करून दे."

ही परीक्षा आहे असं हेमराजला वाटलं. परीक्षांमध्ये तो कधी मागे पडला नव्हता.

"जलद घेऊ," तो म्हणाला. "मात्र थोडं कमी करावं लागेल."

"काय?"

"आवाज. सगळे मावायचे नाहीत तिच्यात. जे वर्षानुवर्षं कोणी ऐकलेच नाहीत, ते पुसून टाकू. नुसती जागा अडवून बसलेत."

बाबांनी मान हलवली. होकार की नकार, कळलं नाही.

"ऐकून पाह्य आधी," ते म्हणाले.

हेमराज आतल्या खोलीत बसला. मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर एक बारीक वर्तुळ फिरत राहिलं... फिरत राहिलं. आत डिस्क खटखटत होती. त्याला लाज वाटली, जणू त्याच्या घरातलं कोणी चारचौघांत खोकत होतं.

मग एकेक आवाज उघडला.

एक माणूस कोणता बैल लाथ मारतो ते सांगत होता. डाव्या बाजूने जाऊ नको म्हणत होता.

एक नवरा बायकोला दाराची कडी कशी लावायची ते समजावत होता. कडी जुनी होती, आधी वर उचलावी लागे.

कोणी तरुण म्हणत होता, "बाईले सांगा, मी रागावलो नाही आता. तेव्हा रागावलो होतो."

कोणी म्हातारी काहीच न सांगता धान कांडतानाचं गाणं गुणगुणत होती. मध्येच म्हणाली, "झालं?" आणि पुन्हा गुणगुणू लागली.

दुपारचं ऊन कौलाच्या फटीतून आलं आणि टेबलावर पडलं. हेमराजला डुलकी लागली. डुलकीत तो डोंग्यात बसला होता. पाण्यावर शिंगाड्याचे वेल पसरले होते आणि प्रत्येक पानाखालून कोणीतरी बोलत होतं. डोंगा कोण चालवतंय हे बघायला तो वळणार, तोच कोणीतरी म्हणालं, "वळू नको, पाणी हलते."

तो जागा झाला तेव्हा एक आवाज संपून दुसरा सुरू झाला होता.

हा आवाज नव्हताच. काकणं वाजली. लांब कुठे सारस ओरडला. एक खोकला... मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने खुर्ची सरकली आणि संपलं.

"हे तर रिकामंच आहे," हेमराज म्हणाला आणि पुसायच्या आवाजांत त्यावर खूण केली.

उंबऱ्यावरून बाबांनी विचारलं, "झोप लागली होती?"

"थोडी."

"लागते," बाबा म्हणाले. "त्या खोलीत लागते."

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत पाळीवर एक जीप येऊन थांबली.

मागच्या बाकावर महागू मेश्राम नावाचा म्हातारा आडवा होता. छातीत दुखत होतं, ओठ निळसर पडले होते. पुतण्या त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेत होता.

"ऐकतच नाही," पुतण्या घाईघाईने म्हणाला. "म्हणते, आधी भोजराजचा आवाज ऐकवा, मग न्या."

भोजराज त्याचा मुलगा. डोंगराकडे बोगद्याच्या कामाला गेला होता. परत आला नव्हता. जाताना बापासाठी खोलीत बोलून गेला होता.

हेमराज आत धावला. मशीन बंद होतं. मठाला कौलावरच्या सौर पॅनेलवर जेवढी मिळेल तेवढीच वीज, म्हणून काम झालं की ते बंद करत. त्याने बटण दाबलं.

पडदा काळा. वर्तुळ फिरू लागलं.

खट... खट...

"झालं का?" बाहेरून पुतण्या ओरडला.

"होतंय, होतंय."

खट...

महागूने जीपमधून हात बाहेर काढला. तो हात हवेत नुसता उघडा राहिला.

"आता नाही थांबता येत, बाबा. रस्त्यातच काही झालं म्हणजे?"

हेमराजने आयुष्यात इतकं रोखून कुठल्या पडद्याकडे पाहिलं नव्हतं. वर्तुळ फिरत होतं.

कवडूबाबा उंबऱ्यावरून उठले. पायात काही न घालता पाळीवरून चालत गेले, जीपमध्ये चढले आणि महागूचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तो उघडा हात त्यांनी हातात घेतला.

"बाबूजी," ते म्हणाले, "मी भोजराज बोलून राहिलो..."

तो बाबांचा आवाज नव्हता. तरुण होता, थोडा लाजरा होता.

जीप निघाली. धुक्यात शिरली. आधी चाकं दिसेनाशी झाली, मग टप, मग आवाज.

आत मशीन उठलं.

हेमराजने भोजराजचा आवाज उघडला. आता त्याचा काही उपयोग नव्हता. रिकाम्या खोलीत आवाज बोलू लागला.

"बाबूजी, मी भोजराज बोलून राहिलो. काळजी करू नका. धान कापाच्या वेळेवर येतो मी. नाही आलो त... दाजीले बोलवजा. तुम्ही वाकू नका जास्त."

मग बराच वेळ श्वास.

"अजून काय होतं... हो. विळा मी वर छताखालच्या पाटणीवर ठेवला आहे."

हेमराज एकटाच ऐकत होता. बाहेर पाळीवर कोणी नव्हतं.

बाबा उन्हं कलल्यावर कोणाच्या तरी मोटरसायकलवरून परत आले. हेमराज तोवर पडवीतच बसून होता. जेवला नव्हता.

"पोहोचलात?"

"पोचलो. ऑक्सिजन लावला त्याले."

"सगळं म्हणालात तुम्ही? त्यांना?"

"जेवढं आठवलं तेवढं."

"त्यांनी ऐकलं?"

बाबांनी रांजणातलं पाणी पायांवर घेतलं. पायांची धूळ निघाली, खाली तळव्याला काटा रुतला होता.

"डोळे मिटून होता," ते म्हणाले. "हात सोडला नाही."

हेमराजला दिवसभर एकच गोष्ट म्हणायची होती. त्याने ती म्हटली.

"बाबा, मशीन जलद असतं तर..."

"तर त्यानं पोराचा आवाज ऐकला असता," बाबा म्हणाले.

हेमराजची वाद घालायची तयारी होती. वाद झालाच नाही.

"म्हणजे जलदच आणू?"

"आण."

"आणि जे पुसायचे आहेत ते?"

"तू ऐकले ना?"

"ऐकले."

"मग झालं," बाबा म्हणाले आणि काटा काढायला बसले.

सकाळी हेमराज पिशवी खांद्याला लावून बसकडे निघाला, तर पाळीवरून एक मुलगी येताना दिसली. विशीतली असेल. धुक्यामुळे तिचे पाय दिसत नव्हते. ती तरंगत येते आहे असं वाटत होतं.

"कवडूबाबांचा मठ हाच का?"

तिचं नाव प्रणाली. राजनांदगावला मावशीकडे वाढलेली. आई ती लहान असतानाच गेली. मावशीने कधी काही सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात मावशी आजारी पडली, तेव्हा म्हणाली, तुझी आई इलाजासाठी निघाली, त्याच्या आदल्या दिवशी तलावावर जाऊन तुझ्यासाठी बोलून आली होती.

"दुर्पता," बाबा म्हणाले. "दुर्पता वाघाडे."

"तुम्हाला आठवते?"

"बस, माय."

हेमराजची बस जाणार होती. पण मशीन सुरू करायचं होतं. त्याने पिशवी खाली ठेवली आणि आत येऊन बटण दाबलं.

वर्तुळ फिरू लागलं.

मुलगी पडद्याकडे बघत उभी होती. ओढणीचं टोक तिने मुठीत धरलं होतं.

"जुनं आहे," हेमराज ओशाळून म्हणाला. "डिस्क गेल्यात जमा आहे ह्याची. नवी आणतोय. मग असं होणार नाही."

खट... खट...

"साधारण किती वेळ लागेल?" तिने विचारलं.

हेमराज तोंड उघडणार, तोच बाबा उठून आत आले. खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी काढला, पडद्यावर टाकला आणि पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसले.

वर्तुळ झाकलं गेलं.

आता खोलीत बघण्यासारखं काही नव्हतं. खिडकीत धुकं होतं. मुलगी खुर्चीवर बसली.

"मला तिचा चेहरा आठवत नाही," थोड्या वेळाने ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते स्पष्ट नव्हतं. "फोटो आहे. पण तो फोटोच आठवतो."

बाबा उंबऱ्यावर सरकून बसले.

"एक आठवतं. माझं डोकं तिच्या पोटावर होतं आणि पोट गरम होतं. मावशी म्हणते, ताप होता तिला. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया गरमच असतात..."

डिस्क खटखटत होती. हेमराजला पहिल्यांदाच त्या आवाजाची लाज वाटली नाही. तो तिकडे लक्षच देत नव्हता.

"लग्न ठरलंय माझं," ती म्हणाली. "म्हणून आले. तिला सांगावं म्हटलं. म्हणजे... ऐकावं म्हटलं."

मग तिने ओढणी सोडली, केस कानामागे घेतले, पाठ सरळ केली. कोणी मोठं माणूस घरात यायचं असावं तशी ती सावरून बसली.

दुपट्ट्याआड उजेड आला. मशीन उठलं होतं.

हेमराजने दुपट्टा बाजूला केला. दुर्पता वाघाडे हे नाव शोधलं, आणि त्याचं बोट जागीच थांबलं. त्या नावापुढे त्याचीच खूण होती.

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा पाण्याकडे बघत होते.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

"ताई, ह्यात..." हेमराजला पुढे बोलवेना. "ह्यात फारसं काही नाहीये."

"असू दे."

त्याने आवाज उघडला.

काकणं वाजली. लांब सारस ओरडला. एक खोकला आला, छातीतून नाही, घशाच्या वरवर, दोन तुकड्यांचा. मग काहीच नाही. खूप वेळ काहीच नाही. कोणीतरी श्वास घेतला, बोलण्यासाठी घेतात तसा, आणि तो तसाच सोडून दिला. पुन्हा घेतला. पुन्हा सोडला.

काकणं एकदा, हळूच.

खुर्ची सरकली. संपलं.

हेमराजला वर बघायचं धाडस होईना.

"मी अशीच खोकते," मुलगी म्हणाली.

तिच्या तोंडावर हसू होतं आणि गाल ओले होते. आणि मग ती खोकली, मुद्दाम नाही, रडं अडवताना. दोन तुकड्यांचा, घशाच्या वरवर.

"पुन्हा लावता?"

त्याने लावला. तिने डोळे मिटून ऐकला. मग पुन्हा. धुकं विरलं, तलाव लख्ख दिसू लागला, तरी ती ऐकत होती. दुपारी ती बाबांच्या पाया पडली, पाळीवरून परत गेली. हेमराजची बस केव्हाच निघून गेली होती.

"हा आवाज मी पुसणार होतो," हेमराज म्हणाला.

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू खूण केली तेव्हा मी इथंच होतो ना."

"मग अडवलं का नाही?"

"तू कुठं पुसला होता अजून?"

हेमराज पडवीच्या खांबाला टेकला. रागावला होता. कोणावर, ते त्याला सांगता आलं नसतं.

"ती आलीच नसती तर, बाबा?"

बाबांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला.

"तुम्ही मला सांगा, मी काय करू. कालच्या माणसासाठी जलद पाहिजे. आजच्या मुलीसाठी सगळं पाहिजे. पैसे एकीचेच आहेत. मी इतकी वर्षं लोकांना सांगतो, हे घ्या, ते घ्या. मला वाटायचं, एका पारड्यात किंमत असते आणि एका पारड्यात काम. इथे तर काटाच सापडत नाही."

"चाल," बाबा म्हणाले.

ते दोघं पाळीवरून चालू लागले. पाण्यावर बदकांचा थवा उतरत होता. एक ढिवर डोंग्यात बसून शिंगाडे काढत होता. बाबा त्याच्याशी जाळ्याबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले. डिस्कबद्दल कोणीच बोललं नाही. पाळ संपली तिथे ते वळले आणि परत आले.

"जेवून घे," बाबा म्हणाले. "काल पण जेवला नाही."

हेमराज नागपूरला गेला आणि मोठी डिस्क घेऊन आला. मंद होती ती. सोबत त्याने आपल्या घरची एक बॅटरी आणली आणि सौर पॅनेलला जोडली, म्हणजे मशीन उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत चालू ठेवता येईल.

"म्हणजे कोणी घाईत आलं, तरी ते जागं असेल," तो म्हणाला.

"बरं केलं."

"पण कधी ढग असले, बॅटरी उतरली, तर ते उशिराच उठेल, बाबा. तेव्हा कोणी आलं तर..."

"तर मी आहो," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आहो तोवर."

जुन्या डिस्कमधून नव्या डिस्कमध्ये आवाज उतरवायला दिवस लागला. हेमराज उठला नाही. खटखट वाढत गेली. मध्येच ती पूर्ण थांबे. मग पुन्हा सुरू होई. एकेक नाव पलीकडे जात होतं. बैलाबद्दल सांगणारा गेला. कडीवाला गेला. म्हातारी गुणगुणत गेली. दुर्पता गेली. भोजराजच्या नावावर डिस्क फार वेळ अडली... मग तोही गेला.

दिवेलागणीला जुनी डिस्क एकदा किंचाळल्यासारखी वाजली आणि कायमची गप्प झाली.

काही आवाज पलीकडे आलेच नाहीत.

हेमराज ती नावं बाबांना सांगताना रडला. बाबा प्रत्येक नावाला डोळे मिटत. ओठ किंचित हलत. मग म्हणत, "हं. पुढचं."

शिष्य करून घ्या, हे हेमराजने पुन्हा काढलं नाही. पण तो अधूनमधून येऊ लागला. कधी बॅटरी बघायला, कधी नुसताच.

धानाची मळणी चालू असताना महागू मेश्राम आला. काठी टेकत, पुतण्याचा हात धरून, पण आपल्या पायांनी. छातीवर टाक्यांची खूण होती. हेमराज त्या दिवशी मठातच होता. त्याला इतका आनंद झाला की त्याने म्हाताऱ्याला उचलूनच पडवीत बसवायचं बाकी ठेवलं.

"आजोबा, आज मशीन तयार आहे. चला, आवाज ऐका."

महागू खुर्चीत बसला. हेमराजने आवाज लावला. स्वच्छ, खणखणीत. बाबूजी, मी भोजराज बोलून राहिलो...

म्हातारा शेवटपर्यंत ऐकून घेत राहिला. विळ्याचं आलं, तेव्हा त्याने मान डोलावली. मग तो हेमराजकडे वळला.

"चांगला आहे आवाज," तो म्हणाला. "पण हा दुरून बोलते. त्या दिवशी जीपमध्ये माझा हात धरून बोलला, तो पोरगा होता माझा."

हेमराजने चमकून उंबऱ्याकडे पाहिलं. बाबा नखाने पायाची भेग खरवडत होते.

"आजोबा, तेव्हा तर..." हेमराज बोलायला गेला. मग त्याने म्हाताऱ्याची काठी उचलून त्याच्या हातात दिली.

महागू गूळ आणि नवे तांदूळ ठेवून गेला.

संध्याकाळी हेमराज पाळीच्या टोकापर्यंत गेला. मोबाईलला तिथेच काय ती रेंज मिळते. फोन खिशात थरथरत राहिला. लोकांचे प्रश्न साठले होते. टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी कोणती डिस्क घेऊ? जलद महाग आहे, परवडेल का? स्वस्तातली घेतली तर पस्तावेन का? तुमचं काय मत?

पूर्वी अशा प्रश्नांची उत्तरं तो चालता चालता द्यायचा.

तो फोन घेऊन परत आला. बाबा पडवीत बसून तांदूळ निवडत होते. पाण्यावर धुकं धरू लागलं होतं आणि पलीकडचा काठ हळूहळू पुसला जात होता.

"बाबा, लोक विचारतात. अजून विचारतात. किंमत बघू की वेग बघू?"

बाबांनी एक खडा काढून बाजूला टाकला.

"मी काय सांगू त्यांना?"

बाबा सूप हलवत राहिले. तांदळाचा आवाज येत राहिला...

"बाबा?"

"तू नको सांगू काही," कवडूबाबा म्हणाले. "तू विचारणाऱ्यालेच विचार... कोणाची वाट पाहून राहिला, बाप्पा?"